केसपेपरवरचा एक रकाना

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, माजी सैनिक कुटुंबांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी बोलायची सवय आहे, आणि ते बोलणेही "सही इथे करा", "पासबुक सोमवारी न्या" एवढ्यावर संपते. कॉमर्सची पदवी घेऊन बँकेत क्लार्क म्हणून लागले, त्याला वीस वर्षे होऊन गेली. तेव्हा आज जे सांगणार आहे ते एका क्लार्कला दिसलेले आहे. मी डॉक्टर नाही, पुढारी तर नाहीच नाही.

नोव्हेंबर महिना म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्याचा महिना. संरक्षण खात्याची पेन्शन आता "स्पर्श" या व्यवस्थेतून थेट येते, मोबाईलवरूनही दाखला देता येतो. तरी आपली जुनी माणसे शाखेतच येतात. खानापूरकडची, बेळगाव तालुक्यातली, पलीकडून चंदगडचीही. धुतलेला शर्ट, काहींच्या छातीवर पदके, हातात पिशवी आणि पिशवीत पी.पी.ओ. १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र या गावात आहे. आपल्या घराघरांत पेन्शनचे पुस्तक आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दरवर्षी न चुकता येणारे एक निवृत्त नाईक त्या नोव्हेंबरात आले नाहीत. त्यांची बायको एकटीच आली. म्हणाली, "ताई, ते घरातनं बाहेर पडेनात." आजारी पेन्शनरच्या घरी जाऊन दाखला घ्यायची सोय असते, म्हणून मी आणि आमचे एक अधिकारी गेलो. मला वाटले होते, माणूस अंथरुणाला खिळलेला असेल. ते तर खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. सही व्यवस्थित केली. मग मला विचारले, "वाटेत कोण होतं?" मी म्हटले, कोणी नव्हते. ते म्हणाले, "नीट बघितलंत?"

निघताना त्या माउलीने अंगणात सांगितले की तीन वर्षे हा माणूस रात्री झोपलेला नाही, दारासमोर बसून राहतो. मुलगा वेगळा राहायला गेला. मी विचारले, डॉक्टरांना दाखवता का? तर हो, साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ई.सी.एच.एस.मध्ये नेते. हे झोपेचे तिथे सांगितले का? ती म्हणाली, "ते सांगतात होय? आणि मी सांगितलं तर घरी आल्यावर..." पुढचे ती बोलली नाही. मीही विचारले नाही.

शाखेत परत आल्यावर मी रजिस्टरात त्यांच्या नावापुढे "हयात" अशी नोंद केली. नोंद बरोबरच होती. फॉर्मवर दुसरा रकाना नव्हता.

तो रकाना माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून मग रविवारी बसून कायदे, योजना, जी.आर. असे जे मिळेल ते वाचत गेले. तेवढ्यावरून बोलते आहे.

सैन्य हा केंद्राचा विषय. पेन्शन केंद्राची, आणि १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेली ई.सी.एच.एस. ही दवाखान्याची योजनाही केंद्राची. पण सार्वजनिक आरोग्य आणि इस्पितळे घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीत आहेत. म्हणजे गणवेशात असेपर्यंत माणूस दिल्लीचा, आणि गणवेश उतरवून गावी आला की त्याचे तालुक्याचे इस्पितळ बेंगळूरूचे. मधला दुवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. ते चालते राज्याच्या खात्याखाली, खर्चाला केंद्राचा वाटा असतो. तिथे काय होते? ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती, मुलीच्या लग्नाची मदत, नोकरीसाठी नावनोंदणी, विधवा भगिनींची प्रकरणे. ही सगळी चांगली कामे आहेत, आणि तिथली माणसे ती करतात. पण झोप न येणाऱ्या माणसाचे प्रकरण तिथे कोणत्या फायलीत लावायचे?

आता राज्याच्या बाजूने बघा. मानसिक आरोग्यात आपले राज्य मागासलेले आहे असे मी म्हणणार नाही; म्हटले तर खोटे ठरेल. गावोगावच्या सरकारी दवाखान्यांतून मनाच्या आजारांवर उपचार करता येतात, हे देशाला दाखवले ते निमहान्सने, आपल्याच राज्यातल्या बळ्ळारी जिल्ह्यात, १९८५ पासून. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशभरचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. आपल्याकडे "मनोचैतन्य" नावाने मंगळवारी तालुक्याच्या इस्पितळात मानसोपचारतज्ज्ञ बसवण्याची योजना आहे. धारवाडला डिमहान्स आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा फोन आहे. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आत्ताच लिहून घ्या. कागद नसेल तर हातावर लिहा.

म्हणजे एका बाजूला माजी सैनिकासाठी कार्यालय आहे, त्यात मनाचा विषय नाही. दुसऱ्या बाजूला मनासाठी कार्यक्रम आहे, त्यात माजी सैनिक हा शब्द नाही. शेतकरी, विद्यार्थी, बाळंतीण यांचा विचार तिथे होतो. मंगळवारी केसपेपर काढणारा कारकून नाव, वय, गाव, जात विचारतो, पण "तुम्ही फौजेत होता का?" हे विचारत नाही, कारण त्याच्या कागदावर तसा रकाना नाही.

आम्ही बँकेतली माणसे एक गोष्ट पक्की जाणतो. रकाना नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर बेरीज नाही, आणि बेरीज नसेल तर अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. आपल्या जिल्ह्यात किती माजी सैनिकांना हा त्रास आहे, असे उद्या एखाद्या आमदाराने विधानसभेत विचारले, तर उत्तर कशाच्या आधारावर देणार? २०१५-१६ मध्ये निमहान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. मोठ्या माणसांत शंभरातल्या दहा-अकरा जणांना त्या वेळी कसला ना कसला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक सत्तर ते नव्वद टक्के माणसांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते, असे त्यात दिसले. ती पाहणी १२ राज्यांत झाली. त्यांत कर्नाटक नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता. (एवढ्या एका बाबतीत दोन्ही राज्यांची जोडी जमली!)

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर म्हणून एक चिमुकले राज्य आहे. तिथे माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारचे अवाढव्य खाते असूनही राज्याला दिसून आले की कितीतरी माजी सैनिक त्या खात्याकडे जातच नाहीत. ते साध्या डॉक्टरकडे, साध्या दवाखान्यात जातात. मग त्यांनी एक मोहीम काढली. दवाखाना असो, समुपदेशन केंद्र असो, सरकारी कचेरी असो, आलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा: तुम्ही किंवा तुमच्या घरचे कोणी सैन्यात होते का? "तुम्ही माजी सैनिक आहात का?" असे ते विचारत नाहीत, कारण पुष्कळजण स्वतःला तसे म्हणवून घेत नाहीत. आणि "घरचे कोणी" हे दोन शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडेही दवाखान्यात आधी बायकोच जाते. डोकेदुखी, अंगदुखी, पित्त अशी कारणे सांगते. तिला तो प्रश्न विचारला तर पुढचे ती सांगेल.

आता थोडे घरचे सांगते. माझे वडील हवालदार होते. १९८७ ते १९९० या काळात आपली शांतिसेना श्रीलंकेत होती, तिथे हजाराहून जास्त जवान कामी आले. वडील तिथे होते. सुटीवर आले की आम्हा भावंडांना शेताकडे न्यायचे, आणि बांधावरून जाताना सांगायचे की माझ्या पावलावर पाऊल ठेवून या, इकडे-तिकडे नाही. आम्हाला तो खेळ वाटायचा. कोणाचा पाय बाहेर पडला की ते ओरडायचे, तोही खेळाचाच भाग वाटायचा. पेन्शनवर आल्यानंतरही ते कधी रस्त्याच्या कडेने चालले नाहीत, डांबराच्या मधोमध चालायचे. मागून बस भोंगा वाजवायची आणि आम्हाला लाज वाटायची. तिकडे रस्त्याच्या कडेला सुरुंग पेरलेले असत, हे मी मोठी झाल्यावर कुठेतरी वाचले. वडिलांनी ते कधीच सांगितले नाही.

रमचा विषय काढते, कोणी रागावू नका. कॅन्टीनच्या कोट्यावर आपल्याकडे विनोद पुष्कळ होतात. पण ज्या घरात ती बाटली झोपेचे औषध म्हणून येते, त्या घरातल्या बायकांना त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

हे काही आजचे नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली आणि वाचलेले कैदेत गेले. त्यांतून जे घरी परतले असतील त्यांना रात्री काय दिसत असेल? गावाने म्हटले असेल, बाहेरचे लागले आहे. आणि गावाला दोष तरी कसा द्यायचा? आघातानंतरच्या या आजाराला, ज्याला पी.टी.एस.डी. म्हणतात, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या पुस्तकात जागा दिली तीच मुळी १९८० मध्ये. पण आज २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, तो मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ ने प्रत्येकाला सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा हक्क दिला आहे, आणि ती परवडणारी व पोहोचण्याजोगी असली पाहिजे असे म्हटले आहे. ठरवून दिलेली किमान सेवा जिल्ह्यात नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यावेत आणि खर्च सरकारने सोसावा, इथपर्यंत त्यात आहे. कलम २९ प्रमाणे असे कार्यक्रम आखणे आणि राबवणे हे सरकारचे कर्तव्य आहे. तेव्हा आपण कोणाची मेहेरबानी मागत नाही.

भाषेचा मुद्दा. तो आपल्या मंडळात आपोआप निघतोच, पण इथे तो पाटीचा किंवा परिपत्रकाचा मुद्दा नाही. रक्तदाब कोणत्याही भाषेत मोजता येतो. "मला भीती वाटते" हे मात्र माणूस एकाच भाषेत सांगू शकतो, आणि फौजेतला माणूस तर त्या एका भाषेतही मुश्किलीने सांगतो. खानापूरच्या जंगलपट्टीतला गडी पलटणीत मोडकेतोडके हिंदी शिकला. पुढ्यात बसलेल्या कन्नड समुपदेशकाला तो काय सांगणार? "झोप येत नाही" म्हणेल आणि गोळ्या घेऊन उठेल. समुपदेशकाचा यात दोष नाही. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देण्याची जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम २२ ने डॉक्टरांवर टाकली आहे. समजेल अशा भाषेत सांगायचे, तर त्याला बोलता येईल अशा भाषेत ऐकायलाही नको का?

आता आपल्याच माणसांच्या दोन हरकती.

पहिली हरकत मंडळातल्याच एका ज्येष्ठांची. ते मला वडिलांसारखे आहेत. ते म्हणाले, "पोरी, आपण या सरकारकडे मागायला गेलो म्हणजे त्यांचे राज्य मान्य केल्यासारखे होते." मी त्यांना म्हटले, काका, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागो. पण दारासमोर बसलेला तो नाईक निकालापर्यंत जागा राहू शकत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ गावांसाठी आपली जन आरोग्य योजना देऊ केली, त्यावरून किती वादळ उठले ते आपण पाहिलेच. त्या वादात पडायचे ते पडा. पण कर आपण इथे भरतो, केसपेपर इथे काढतो. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत देता येतो. मराठीत अर्ज देऊन हक्क मागणे, यात कमीपणा कुठला? काका गप्प राहिले. पटले असे मी म्हणत नाही.

दुसरी हरकत जास्त अवघड आहे. ती आमच्या शाखेच्या गार्डमामांची. तेही माजी सैनिक. मी त्यांना या रकान्याबद्दल उत्साहाने सांगत होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, त्या कागदावर माझं नाव गेलं तर माझी बंदूक जाईल, आणि बंदूक गेली तर नोकरी." बंदुकीच्या परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, त्यात मनाच्या प्रकृतीचाही उल्लेख असतो. आपल्याकडे निवृत्तीनंतर कितीतरी जण बँकेच्या, ए.टी.एम.च्या, कारखान्याच्या दारावर उभे आहेत. त्यांच्यासाठी हा पोटाचा प्रश्न आहे. दोन दिवस मला उत्तर सुचले नाही. ज्याला रात्री झोप नाही आणि ज्याच्या हाताशी भरलेली बंदूक आहे, त्याला मदतीची गरज सर्वांत जास्त. आणि मदत मागायची भीतीही त्यालाच सर्वांत जास्त. कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, हे मी मामांना दाखवले. त्यांनी कागद वाचला, घडी करून परत दिला. म्हणाले, "कागदावर आहे, बरं आहे." म्हणून आपल्या निवेदनात मी एक वाक्य जास्तीचे घातले: फौजेत होता का, ही नोंद केसपेपरवर घ्यावी, पण आजाराची नोंद दवाखान्याबाहेर जाऊ नये, आणि झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी समुपदेशन घेतले एवढ्यावरून कोणाची नोकरी धोक्यात येणार नाही, असे लेखी परिपत्रक निघावे. हे निघेपर्यंत मामांसारखी माणसे मंगळवारी इस्पितळात जाणार नाहीत, आणि त्यांना मी भित्रे म्हणणार नाही.

आणखी एक बाब आहे, तिची तारीख जवळ आहे म्हणून सांगते. ई.सी.एच.एस. ही मुख्यतः पेन्शनरांची योजना. पेन्शनीइतकी नोकरी न भरता जे बाहेर पडले, कधी दारूपायी, कधी घरच्या अडचणीपायी, त्यांना बहुधा ना पेन्शन ना ते कार्ड. आणि आता अग्निवीर. २०२२ च्या योजनेप्रमाणे चार वर्षे नोकरी. त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होणार. बाकीच्यांना एकरकमी निधी मिळेल, पण पेन्शन नाही, ई.सी.एच.एस. नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होत जातात. त्यांतली पुष्कळ पोरे याच गावाच्या मैदानावर कवायत शिकली. पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा काश्मीरमधून किंवा ईशान्येकडून घरी येईल, तेव्हा दिल्लीच्या एकाही वहीत त्याच्या उपचाराचे पान नसेल. तो पूर्णपणे राज्याचा रुग्ण असेल. म्हणून रकान्यात "माजी सैनिक" असे लिहू नका, "सैन्यात नोकरी केली आहे का" असे लिहा, हा माझा आग्रह आहे. शब्द चुकला तर ही सगळी मुले नियमाप्रमाणे बाहेर राहतील. नियमाप्रमाणे माणूस कसा बाहेर राहतो, ते मी रोज बघते.

निवेदनात बाकी मागणे फार नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, जमल्यास महिला, कारण आधी बायकाच येतील. महिन्यातून एकदा त्याने खानापूरला बसावे. ई.सी.एच.एस.मध्ये साखर तपासायला आलेल्याला झोपेबद्दल एक प्रश्न विचारावा, असे राज्याने केंद्राला कळवावे. बस्स. इमारत नको, उद्घाटन तर नकोच.

आपल्या मंडळालाही एक सांगते. दर १५ ऑगस्टला आपण माजी सैनिकांना शाल-श्रीफळ देतो आणि फोटो काढतो. पुढच्या वेळी नारळ देताना त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या वहिनींना हळूच विचारा, घरी सगळे झोपतात ना?

निवेदनाच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. एका बाजूला मराठी आहे, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड मजकूर आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने करून दिला. नाव, गाव, सही, आणि सैनिक असाल तर कंसात पलटण व निवृत्तीचे वर्ष लिहा. घरचे असाल तर नाते लिहा. सही शाईच्या पेनाने नको, पसरते.

मी प्रत आधी वडिलांपुढे ठेवली होती. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाले, "मला काही झालेलं नाही." सही केली नाही. त्यामुळे यादीत पहिली सही माझ्या आईची आहे.